एक नाव द्यावं लागतं

तिसऱ्या हाकेला अनसूकाकीनं वळून पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागं. माझ्या पाठीशी कोणी उभं असेल आणि मी त्यालाच हाक मारत असेन, असं तिला वाटलं असावं.

“काकी, तुलाच हाक मारतेय,” मी म्हटलं.

ती पडवीत वाळलेल्या सुपाऱ्या सोलत बसली होती. हातातली सुपारी तिनं सुपात टाकली, पदराला हात पुसले आणि बोलायच्या आधी दोनदा खाकरली.

“टेमकरांची धाकटी ना गो तू? कोणी पाठवलं?”

कोणी नाही, असं म्हणणं खरं झालं नसतं. मला कॉलेजनं पाठवलं होतं.

अनसूकाकीला आमच्या गावकीनं वाळीत टाकलं त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ज्यांनी वाळीत टाकलेलं माणूस पाहिलेलं नाही, त्यांना ते फार आरडाओरड्याचं काहीतरी वाटतं. तसं नसतं. कोणी दगड मारत नाही, दार तोडत नाही. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडून काही घ्यायचं नाही, तिला काही द्यायचं नाही, एवढंच. विहिरीवर ती आली की बायका बाजूला व्हायच्या, ती गेली की अर्धवट राहिलेल्या गप्पा तिथूनच पुढे सुरू. मिठाच्या पुडीसाठीसुद्धा ती एस.टी.नं तालुक्याला जायची. तिचा गुन्हा काय, तर धोंडूतात्यांच्या पुतण्यानं तिच्या नारळी-सुपारीच्या आगराचा समुद्राकडचा कोपरा रस्त्यासाठी कुंपणाबाहेर काढू पाहिला, तेव्हा ती गावकीकडे न येता पोलीस ठाण्यात गेली. धोंडूतात्या गावकीचे अध्यक्ष. गावचं भांडण वेशीबाहेर न्यायचं नाही, हा नियम तिनं मोडला होता. वाळीत टाकण्याविरुद्धचा वेगळा कायदा तेव्हा अजून व्हायचा होता.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, समाजशास्त्र घेऊन. आमचे ढवळे सर पुस्तकातलं कमी आणि वर्गातलं जास्त शिकवत. एकदा त्यांनी तास सुरू होताच दार लावून घेतलं. नेहमी उशिरा येणारा संदेश बाहेर राहिला. सर म्हणाले, आता या बंद दाराकडे आपण तीन माणसांच्या डोळ्यांनी बघू. प्रकार्यवादी विचारेल, दार बंद असल्यानं आतल्यांचं काय सावरलं जातंय? कोणीतरी बाहेर आहे म्हणूनच आतले एकमेकांना घट्ट धरून नाहीत ना? संघर्षवादी विचारेल, कडी कोणाच्या हातात आहे आणि दार लागल्यानं कोणाचं फावतंय? आणि आंतरक्रियावादी दाराकडे बघणारच नाही. बाहेरच्याला आत काय नाव पडलंय, ते तो ऐकेल. रोज एखाद्याला लेटलतीफ म्हणा, तो लेटलतीफ होतो. संदेश बाहेरून म्हणाला, सर, तिघांचंही पटलं, आता आत घ्या. वर्ग हसला.

मग सरांनी प्रकल्प दिला. आपल्या गावातली एक समस्या घ्या आणि ती या तिघांना दाखवा. एस.टी.त बसल्या बसल्या मला अनसूकाकी आठवली, आणि खोटं कशाला सांगू, घबाड सापडल्यासारखं वाटलं.

घरी मात्र वेळ वाईट होती. कुंदाताईचं लग्न ठरलं होतं, होळी झाली की मुहूर्त. आमच्याकडे लग्न घरचं नसतं, गावकीचं असतं. मांडवाला घरटी एक गडी, पाण्याला घरटी एक बाई. जेवणाची मोठाली टोपं, पराती, झारे गावकीचे, देवळाच्या खोलीत कुलपात. गावकी फिरली की लग्न फिरतं. आम्ही लहान असताना खालच्या वाडीत तसं झालं होतं. वऱ्हाड वेशीवरूनच माघारी गेलं, आणि ती मुलगी अजून बापाच्या घरात पाणी भरते. कुंदाताईला आधीच दोन ठिकाणांहून नकार आलेला. या वेळी पसंती आली त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली होती, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून बादलीत पाणी सोडून.

आईला मी प्रकल्पाचं सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिच्याशी बोलायचं नाय, असं तिनं थापतच सांगितलं. मी म्हटलं, हे बोलणं नाही, मुलाखत आहे, अभ्यासाची. आईनं माझ्याकडे पाहिलं.

“मुलाखतीत तोंड मिटून बसतात काय गो?”

तरी मी गेले. उन्हाच्या वेळी, गाव जेवून आडवं झालेलं असताना.

काकीनं मला एकही प्रश्न विचारू दिला नाही. आधी चहा टाकला. मग बोलत सुटली. आवाज मधेच फाटायचा, मग ती थांबून पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मला वाटलं होतं ती अन्यायाबद्दल बोलेल, धोंडूतात्यांबद्दल बोलेल. ती कुंदाताईबद्दल बोलली. नवरा मुलगा आयटीआय झालेला ना? सासू जरा कडक असल्याचं ऐकलं, खरं काय? साखरपुड्याला ताईनं हिरवी साडी नेसायला हवी होती, ती मोरपिशी तिला उठून दिसत नाय.

मी चकित झाले. दोन वर्षं जिच्याशी कोणी बोललं नाही, तिला हे कुठून कळलं? ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तिनं मला जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच टिपणात बसणारं नव्हतं.

काकीच्या कुंपणापलीकडे भागूवैनीचं घर. नवरा बोटीवर, मुलगे मुंबईत संसाराला लागलेले. घरात ती आणि एक शेळी. दिवस कलला की भागूवैनी शेळी कुंपणाला आणून बांधायची आणि तिला मोठ्यानं शिव्या घालायची. अगो सटवे, तिकडं टेमकरांच्या कुंदाचं जमलं आणि तू आपली पाला चघळत बस. अगो भवाने, तात्यांच्या सुनेला मुलगी झाली, तात्यांचं तोंड बघायला हवं होतंस. शेळीशी बोलायला गावकीची बंदी नव्हती. काकी अलीकडे पाटावर बसून तांदूळ निवडायची आणि ऐकायची. दोन वर्षांत त्या दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

“गाव म्हणतं भागूचं डोकं फिरलंय,” काकी म्हणाली. “म्हणू दे. कोणाला सांगू नको हां बाय.”

मी शब्द दिला. चहा पिऊन, मागच्या वाटेनं, ओढणी डोक्यावरून घेऊन घरी आले. मला कोणीही पाहिलं नाही.

पाहिले ते कप. काकीनं ते धुऊन मोरीच्या कट्ट्यावर पालथे घातले, आणि वाटेनं जाणाऱ्या कोणाच्या तरी नजरेला ते पडले. एकट्या बाईच्या मोरीवर दोन कप. दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली होती.

कोण गेलं होतं ते गावकीला माहीत नव्हतं, पण ते कसं काढायचं हे माहीत होतं. आमच्याकडे जुनी रीत आहे. वाळीत टाकलेल्या माणसाला परत यायचं असेल तर त्यानं सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, सगळ्यांसमोर नारळ ठेवायचा, आपलं म्हणणं सोडायचं, आणि मधल्या काळात आपल्याशी कोण बोललं त्याचं नाव सांगायचं. नाव दिल्याशिवाय नारळ फुटत नाही. ज्याचं नाव येईल तो त्या घडीपासून बाहेर. काकीला आधीही निरोप गेले होते, ती आली नव्हती. आता धोंडूतात्यांनी पुन्हा निरोप धाडला, रविवारी सकाळी ये, सगळं मिटवू. आणि या वेळी काकीनं हो म्हणून कळवलं.

आईला वेगळं काही सांगावं लागलं नाही. ती माझ्यावर ओरडलीही नाही. कुंदाताईसाठी शिवायला घेतलेली गोधडी मांडीवर घेऊन बसायची आणि एकही टाका न घालता उठायची. आता मलाही मुलगी आहे. ती पाळण्यात डोळे मिटते तेवढ्या वेळात हे लिहितेय, आणि आईचा त्या दिवसांतला चेहरा मला आता कुठे वाचता येतोय. मी बाबांना म्हटलं, मीच तात्यांकडे जाऊन सांगते. बाबा म्हणाले, तू सांगितलंस काय आणि तिनं सांगितलं काय, अख्खं घर बाहेर जाणार. रविवारपर्यंत देवाचं नाव घे.

कुंदाताईनं फक्त एकदा विचारलं. केस विंचरता विंचरता, आरशातूनच.

“तिनं तुझं नाव घेतलं तर ते लोक येतील काय गं?”

तिनं पुन्हा कंगवा लावला.

रविवारी सहाणेच्या पायऱ्यांवर पुरुष बसले, बायका बाजूला उंडणीच्या झाडाखाली. भागूवैनीही होती, आमच्या पुढेच. काकी आली ती नीट चोपून नेसलेली, हातात नारळ. दोन वर्षांनी ती गावासमोर उभी होती आणि तिच्याकडे बघायचं की नाही हे कोणालाच कळत नव्हतं. नारळ अजून फुटायचा होता.

धोंडूतात्या आवाज चढवणारे नव्हते. त्यांच्या बोलण्याला नेहमी मऊ कपड्यासारखी घडी असायची. ते म्हणाले, अनसूवैनी, गाव तुझं आहे, तुला आम्ही टाकलं नाही, तू गेलीस, आता परत येतेस याचा आनंद आहे. पोलिसातल्या अर्जाचं काय? काकी म्हणाली, मागं घेते. आगराच्या कोपऱ्याचं? काकी म्हणाली, गावाला लागत असेल तर घ्या. हे तिनं अगदी सहज म्हटलं. दोन वर्षं जे एकटीनं धरून ठेवलं, ते तिनं पिशवी खाली ठेवावी तसं ठेवलं.

“आणि नाव?” तात्या म्हणाले.

काकीनं बायकांकडे पाहिलं. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर सरकत आली आणि माझ्यावर थांबली. आईची नखं माझ्या मनगटात रुतली.

“भागू,” काकी म्हणाली. “भागू येते माझ्याकडं. परवा चहाला तीच होती.”

काकी पुढे बोलतच राहिली, कोणी न विचारता. शेळीचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं, दोन वर्षं रोज संध्याकाळी गावातलं सगळं भागूनं आपल्याला पोचवल्याचं सांगितलं. वर म्हणाली, डोकंबिकं काही फिरलं नाय तिचं. पुरुषांतला कोणीतरी खी करून हसला, मग सगळेच हसले. गावकीला फसवायला शेळी. हसू ओसरलं तेव्हा तात्यांचं तोंड तेवढं हसत नव्हतं.

मी उठून उभी राहिले. कशी, ते मला ठाऊक नाही. तात्या, चहाला भागूवैनी नव्हती, एवढं मी म्हटलं, आणि बाबांनी पुरुषांतून माझ्या नावानं जी हाक दिली तशी त्यांनी आयुष्यात कधी दिली नव्हती. तात्यांनी हात वर करून त्यांना शांत केलं. माझ्याकडे बघून हसले.

“भागूसाठी पोरीचा जीव तुटतो, चांगलं आहे. बस बाय खाली. लग्नघर आहे तुमचं.”

आईनं मला ओढून बसवलं. तेवढ्यात नारळ फुटला.

भागूवैनी उठली. लुगड्याची माती झटकली आणि चालू लागली. तिला वाट द्यायला बायका दोन्ही बाजूंना सरकल्या, नुसत्या नाही, पदर आवरून सरकल्या. एवढ्यात. नारळाचं पाणी अजून दगडावरून वाहत होतं. आणि त्याच बायका वळून अनसूकाकीच्या गळ्यात पडत होत्या, काकी किती वाळलीस गो म्हणून रडत होत्या. खरं रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन ढवळे सरांना सगळं सांगितलं. सर फळ्याजवळ उभे होते. सांगता सांगता मलाच दिसत गेलं की तिन्ही चाव्या कुलपात बसतायत. रविवारच्या रात्री साऱ्या गावानं देवळात एकत्र जेवण केलं, कित्येक महिन्यांत असं गोडीनं कोणी एकमेकांशी वागलं नव्हतं, बाहेर एक बाई होती म्हणून. कोपऱ्यातलं कुंपण सोमवारी सकाळीच उपटलं गेलं, तिथून रस्ता थेट तात्यांच्या पुतण्याच्या नव्या कॉटेजांना भिडणार होता. आणि भागूवैनी, जी शनिवारपर्यंत खुळी होती, ती आता फितूर झाली होती. मुलंसुद्धा तिच्या दारावरून जाताना तोच शब्द म्हणत.

“तिन्ही बरोबर आहेत सर,” मी म्हटलं. “पण काकीनं असं का केलं? जिनं तिला दोन वर्षं माणसात ठेवलं, तिचंच नाव?”

सरांनी खडू ठेवला. हाताची पांढरी बोटं झटकली. मग म्हणाले, भीती असेल. माणूस फार थकलं की जवळच्यालाच पुढे करतं. पटण्यासारखं होतं. मला पटलं.

लग्न झालं. मांडवाला घरटी गडी आला, पाण्याला घरटी बाई आली, एका घराची तेवढी आली नाही आणि ते कोणी मोजलं नाही. टोपं आली, वऱ्हाड आलं. हिरव्या शालूत कुंदाताई अशी दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना. आणि सगळीकडे अनसूकाकी होती. चुलीपुढं तीच, हळद कालवायला तीच, रुखवतावर तिच्या हातची करंजी. ताईच्या सासरच्यांना पाणी देताना तिनं आवाजसुद्धा गोड काढला होता. हळद लावायला वाटी घेऊन ती माझ्याजवळ आली तेव्हा मी उठून गेले. जेवताना तिनं पानात जिलबी वाढली, मी पान दुमडलं. पाठवणीच्या वेळी तिचा हात खांद्यावर आला, मी खांदा काढून घेतला. मला तिची घृणा येत होती, आणि ती न्यायाचीच आहे असं वाटत होतं.

ताई गेली. गावकीची टोपं घासून देवळात परत गेली. त्या दुपारी मी भागूवैनीच्या मागच्या दारानं आत शिरले. ती चुलीपाशी बसून मासे साफ करत होती. मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं, तर उठून पुढचं दार लावलं.

“कोणी बघितलं काय?”

नाही म्हटलं. मग मला जे बोलायचं होतं ते मी सगळं एका दमात बोलले. की चहा मी प्यायले होते, हे तिलाही ठाऊक असेल. की काकीनं माझं नाव घ्यायला हवं होतं. की मी उठून बोलायचा प्रयत्न केला. की अनसूकाकीसारखी कृतघ्न बाई मी पाहिली नाही, आणि तिला मी कधी माफ करणार नाही.

भागूवैनी माशाचे खवले काढत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “अनसूनं नाय दिलं माझं नाव. मी द्यायला लावलं.”

मला कळेना.

“निरोप आला तेव्हा ती जाणारच नव्हती. मग मी त्याच संध्याकाळी शेळीला सांगितलं. म्हटलं, अगो अवदसे, तू नाय गेलीस तर ते कपावरून शोध काढतील, तिकडं टेमकरांची पोर उजवायचीय. गुमान जा. आणि नाव द्यायलाच लागतं तर माझं दे. माझ्याकडं काय लग्न राहिलंय कोणाचं? आणि शेळीचं पण सांग, म्हणजे पटेल त्यांना.” तिनं मासा पाण्यात बुडवला. “ती कुंपणाशी आली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं तिनं. ‘नाय भागू’ म्हणाली. तेवढंच. मग लय रडली.”

मी भिंतीला टेकले. सहाणेवर काकीची नजर माझ्यावर का थांबली होती, शेळीचं कोणी न विचारता ती का सांगत सुटली होती, कोपरा देताना तिचा आवाज इतका सरळ का होता, सगळं माझ्यापुढं एकदम उभं राहिलं, आणि त्याच्या पाठोपाठ हळदीची वाटी उभी राहिली.

भागूवैनीनं हात धुतले. तिला दुसरंच काही हवं होतं. चार भिंतींआड, आमच्या मांडवातले सनईचे सूर ऐकत बसलेल्या बाईला जे हवं असेल ते.

“अनसू पंगतीत बसली काय गो? बायकांत?”

बसली, मी म्हटलं.

“जेवली पोटभर? कोणाच्या शेजारी होती?” ती पुढे सरकली. तिचे डोळे चमकत होते. “तुझ्याशी काय बोलली सांग की. तुझ्यासाठीच तर गेली ती.”

मला खोटं बोलता आलं नाही. “मी तिच्याशी बोलले नाही वैनी. लग्नात एकदाही नाही. ती जवळ आली की उठून गेले.”

भागूवैनी माझ्याकडे बघत राहिली. नजरेत टोमणा नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं, आणि समजून घ्यायचं होतं.

“का गो?” ती म्हणाली. “तुला तर कोणी मनाई केली नव्हती.”